उबदार जमिनीची पूर्वतयारी

शीत देशांत स्वयंपाकघराच्या फरशीखालीं विजेची तार पसरून जमीन उबदार ठेवितात. ही तार सिमेंटाच्या मसाल्यांत चोहोंकडून बुडालेली असावी लागते. कारण तिची उष्णता त्यांतूनच फरशीस पोंचते. कोठें पोकळी राहिली, तर आंतील हवा उष्णता अडविते व तार जळूं शकते. मग फरशी उखडल्यावांचून गत्यंतर नाहीं!

म्हणून उंचसखल तळ आधींच सपाट करावा. २ मीटर लांबीची सरळ पट्टी सर्व दिशांनीं ठेवून पाहावी. तिच्याखालीं ३ मिलिमीटरांहून अधिक फट नसावी. उंचवटे घासावे, खळगे झाडून त्यांत आपोआप पसरणारें पातळ सिमेंट ओतावें. मसाल्याच्या जाड थराखालीं खळगा लपविणारा गवंडी आम्हांस पसंत नाहीं. असा थर सुकतांना आकसतो व फरशी खालीं ओढली जाते.

प्राचीन रोमी शिल्पज्ञ विट्रुव्हियस याचा नियम मात्र निराळा. स्नानगृहाच्या जमिनीखालचा तळ भट्टीकडे इतका उतरता असावा कीं, आंत टाकलेला चेंडू भट्टीच्या तोंडाशीं परत यावा, असें तो सांगतो. कारण तेथें पोकळींतूनच ज्वाळा खेळवावयाची असे.

सपाट तळावर उष्णतारोधक तक्ते, त्यांवर तार व मग फरशी. मसाला पुरता सुकेपर्यंत वीज सोडूं नये.