कण्याच्या आधारपट्ट्यासाठी धडाचा साचा

वाढत्या वयातील मुलाचा कणा एका बाजूस झुकू लागल्यास अनेकदा शरीराच्या मापाचा आधारपट्टा द्यावा लागतो. त्यासाठी प्रथम धडाचा साचा घेतात. गोसीखुर्द परिसरातील पालकांनी त्यास धास्तावू नये, म्हणून आम्ही ही माहिती देत आहोत.

दातांच्या ठशांसाठी वापरले जाणारे अल्जिनेट त्वचेची बारीक रेषाही टिपते; परंतु ते मऊ असते व सुकताना आकसते. आधारपट्ट्यासाठी हाडांची ठेवण अधिक महत्त्वाची असते. म्हणून रुग्णास पातळ बंडी घालून तीवर हाडांच्या खुणा करतात आणि काखेपासून कमरेखालपर्यंत प्लॅस्टरचे ओले बँडेज गुंडाळतात. ते घट्ट होताना थोडी ऊब जाणवते, इतकेच. कापून काढलेल्या कवचात प्लॅस्टर ओतून धडाची प्रतिकृती घडवितात व तीवर पट्टा बेततात.

अमेरिका व कॅनडातील, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पट्टा वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला. न वापरणाऱ्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. वाढीचा काळ सरल्यावर ही संधी उरत नाही. मूल पुढे वाकले असता पाठीची एक बाजू उंच दिसल्यास पालकांनी त्यास विनाविलंब तपासणीस आणावे, ही नम्र विनंती.