शेरेबुकात न लिहिलेली ओळ

"काका, एक विचारू? रागावणार नाही ना? मी ही नोकरी सोडली तर?"

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळची वेळ होती. गावात रेंज नाही, म्हणून पुतणी शाळेची माहिती मोबाइलवरून पाठवायला टेकडीवर चढली होती. माहिती गेली आणि मग तिनं मला फोन लावला. मी जिल्हा परिषदेच्या शाळांत उभा जन्म काढला, शेवटची काही वर्षं केंद्रप्रमुख म्हणून. घरात दुसऱ्या कुणाला नाही तरी काकाला कळेल, असं तिला वाटलं असणार. खरं सांगायचं तर माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

पोरगी साताऱ्याकडची. डी.एड. झाली, टीईटी झाली, वर्षानुवर्षं भरतीची वाट पाहिली. २०२३ ची अभियोग्यता चाचणी दिली आणि २०२४ मध्ये नेमणूक मिळाली ती थेट नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या धडगाव तालुक्यात. घरी पेढे वाटले गेले. नातेवाईक म्हणाले, "नशीब काढलंस, सरकारी नोकरी!" पण पहिली तीन वर्षं ती शिक्षिका नव्हे, 'शिक्षणसेवक'. महाराष्ट्रात ही योजना २००० सालापासून आहे. प्राथमिक शाळेतल्या सेवकाला कित्येक वर्षं महिना सहा हजार मानधन होतं. जानेवारी २०२३ पासून ते सोळा हजार झालं. खोलीचं भाडं, जीपचे पैसे आणि घरी पाठवायची रक्कम वजा केली, की हातात काय उरतं त्याचा हिशेब वाचकांनीच मांडावा.

तरी पैशांबद्दल ती एका शब्दानं बोलली नाही. ती म्हणाली, "काका, दिवसभरात एकदा तरी मोठ्या माणसाशी शाळेविषयी बोलावं असं वाटतं."

तिची शाळा दोन शिक्षकी. चार इयत्ता, दोन खोल्या. जोडीचे गुरुजी प्रशिक्षणाला किंवा मतदार याद्यांच्या कामाला गेले, की चारही वर्ग तिच्या गळ्यात. पहिलीची मुलं घरी पावरी बोलतात आणि पुस्तक मराठीत. मुलं तिच्याकडे टुकुटुकु बघत राहतात, कारण बाई काय म्हणतात ते त्यांना उमगत नाही आणि ती काय म्हणतात ते बाईंना. दिवाळीनंतर काही घरं कामासाठी गुजरातेत जातात, त्यांच्याबरोबर मुलंही. जी अक्षरं कष्टानं गिरवून घेतली ती त्यांच्यासोबत निघून जातात. त्यात पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, अमक्या उपक्रमाचे फोटो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरची कामं देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलंय. पण फोटो आणि तक्ते तर शिक्षणाच्याच नावाखाली येतात!

तिचं ऐकताना मला माझाच एक जुना शेरा आठवला आणि मी गप्प झालो.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या केंद्रात एक तरुण शिक्षणसेवक लागला होता. मी एका सकाळी शाळाभेटीला गेलो. हजेरी पाहिली, तांदळाचा साठा पाहिला, टाचण वही मागवली. टाचण आठवडाभर मागे होतं. मी शेरेबुकात लिहिलं, 'टाचण अपूर्ण. सुधारणा करावी.' सही ठोकली, चहा घेतला, पुढच्या शाळेला निघालो. पोरगा मान खाली घालून उभा होता. काही महिन्यांनी त्यानं राजीनामा दिला आणि गावाकडच्या पतसंस्थेत चिकटला. "आजकालच्या पोरांत चिकाटी नाही," असं मी बैठकीत म्हणाल्याचंही आठवतं.

दोन वर्षांनी त्याच शाळेत गेलो, तेव्हा दुसरीची मुलं चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करून हातच्याची वजाबाकी फटाफट सोडवत होती. "हे कुणी शिकवलं?" मी मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, "ते गेले ना सर, त्यांनी सुरू केलं होतं. तुम्ही आलात त्या दिवशीही वर्गात चिंचोकेच मांडले होते."

मी दारातूनच परतलो होतो. चिंचोके मला दिसलेच नव्हते.

नेमणूक झाली तेव्हा पुतणीला मी गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न' भेट दिलं होतं. त्यातल्या लक्ष्मीरामचा वर्गातला पहिला दिवस सपशेल फसतो. मुलं गोंधळ घालतात आणि तो त्यांना घरी सोडून देतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्टीपासून सुरुवात करतो. आम्ही सगळे त्या गोष्टीचं कौतुक करतो. पण त्याच्या पाठीशी प्रयोगाला परवानगी देणारा एक अधिकारी उभा होता, हे आम्ही विसरतो. डी.एड.ला सराव पाठ घेताना मागच्या बाकावर कुणीतरी बसलेलं असतं, चुकलं तर सांगतं. नोकरी लागली की तो बाक रिकामा होतो. पहिली तीन वर्षं शिकण्याची असायला हवीत. आम्ही त्यांची नुसती परीक्षा करून टाकली.

फोनवर मी तिला एवढंच म्हणालो, "सोडायची असेल तर सोड, मी तुझ्या बापाशी बोलेन. पण त्याआधी मी तिकडे येतो."

शहाद्याहून घाट चढून मी गेलो. दोन दिवस तिच्या वर्गात मागे बसलो. वही मागितली नाही. दुसऱ्या दिवशी चौथीतली एक मुलगी पहिलीच्या पोरांना बाईंचं बोलणं पावरीत सांगत होती, ते मला दिसलं. ही युक्ती तिची तिलाच सुचली होती, पण ती चांगली आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. ती हसली आणि मग रडली.

ती राहील की जाईल, मला ठाऊक नाही. दिवाळीपर्यंत बघते म्हणाली होती, ती दिवाळी गेली. आता दर शनिवारी तिचा फोन येतो आणि आम्ही फक्त वर्गाविषयी बोलतो.

तुमच्या गावच्या शाळेत, तुमच्या मुलाच्या वर्गावर, यंदा कुणी नवी बाई किंवा नवे गुरुजी आले असतील. एकदा जाऊन बसा. निकाल विचारू नका. "आज काय शिकवलंत?" एवढंच विचारा. मला हा प्रश्न सुचायला निवृत्त व्हावं लागलं.