इंधनावरील कर आणि गांवाचा वांटा

शेतकरी हा आतां इंधनाचें मोठें गिऱ्हाईक झाला आहे. नांगरटीस ट्रॅक्टर, विहिरीवर इंजिन, माल बाजारास नेण्यास टेंपो. या प्रत्येक ठिकाणीं जळणाऱ्या डिझेलवर तो कर भरतो. उलटपक्षीं, इंधनाच्या धुरानें जें हवामान बिघडत आहे, त्याचा पहिला तडाखाही त्यालाच बसतो. पाऊस वेळेवर येत नाहीं, आणि आला तर एका रात्रींत शेताची माती वाहून नेतो. तेव्हां इंधनावरील कराचा कांहीं भाग गांवोगांव माती, पाणी व झाडें राखण्याच्या कामीं लागावा, हा विचार आमच्या वाचकांस न्याय्यच वाटेल. परंतु विचार न्याय्य असणें निराळें आणि पैसा ठरल्या ठिकाणीं पोंचणें निराळें. हें अंतर कशानें कमी होतें, तें पाहण्यासाठीं आम्ही येथें तीन उदाहरणें घेत आहों.

पहिलें उदाहरण मध्य अमेरिकेंतील कोस्टारिका या लहान देशाचें. गुरचराईसाठीं रानें तोडतां तोडतां १९८० नंतरच्या दशकांत तेथें देशाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपासच रान उरलें होतें. १९९६ च्या वनकायद्यानें असें मानलें कीं, रान राखणारा मनुष्य चार सेवा करतो. तो हवेंतील कार्बन धरून ठेवतो, पाण्याचे उगम राखतो, जीवजातींस आसरा देतो आणि सृष्टिसौंदर्य टिकवितो. म्हणून या सेवांचें मोल त्यास मिळालें पाहिजे. पैसा इंधनावरील करांतून यावयाचा आणि ‘फोनाफिफो’ नांवाच्या राष्ट्रीय वनवित्त निधीनें जमीनमालकाशीं करार करून तो द्यावयाचा, अशी व्यवस्था झाली. १९९७ पासून ती अमलांत आली. कायद्यांत इंधनकराच्या एकतृतीयांशाची तरतूद होती. पण अर्थखात्यानें तेवढी रक्कम कधींच पुरी दिली नाहीं. अखेर २००१ च्या कायद्यानें हा वांटा ३.५ टक्के ठरविला. वांटा लहान झाला, पण अधिक भरवशाचा झाला. पुढें पिकांबरोबर लावलेल्या झाडांसही झाडामागें मोबदला मिळूं लागला. आज त्या देशाच्या निम्म्याहून अधिक भूमीवर रान आहे. याचें सारें श्रेय निधीस देणें बरोबर नव्हे. रान मोडण्यास त्याच कायद्यानें बंदी केली होती, शिवाय पर्यटनाचा धंदाही वाढला होता. तथापि बंदीबरोबर मोबदलाही मिळाल्यानें ती लोकांस सुसह्य झाली, हें खरें.

दुसरें उदाहरण आपल्याच देशाचें आहे, आणि तें बोधप्रद असलें तरी सुखद नाहीं. २०१० सालीं केंद्र सरकारनें कोळशावर दर टनास ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर बसविला व राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी स्थापिला. २०१६ पर्यंत हा दर ४०० रुपयांवर गेला. २०१०-११ ते २०१७-१८ या काळांत सुमारे ८६,४०० कोटी रुपये गोळा झाले. त्यांपैकीं निधींत सुमारे २९,६०० कोटी गेले, आणि प्रकल्पांस सुमारे १५,९०० कोटीच लाभले. २०१७ सालीं वस्तु व सेवाकर आला, तेव्हां या उपकराची जागा राज्यांच्या भरपाईसाठींच्या उपकरानें घेतली. २२ सप्टेंबर २०२५ पासून तोही गेला आणि कोळशावरील कर ५ वरून १८ टक्के झाला. कर राहिला; त्याचा हेतु मात्र वाटेंत गळून पडला.

तिसरें उदाहरण महाराष्ट्राचें. येथें कर इंधनावरील नव्हता, पण रीत तीच होती. १९७५ च्या कायद्यानें नोकरी व व्यवसाय करणाऱ्यांवर कर बसवून तो रोजगार हमीच्या कामीं लावला, आणि करांतून येईल तेवढीच भर राज्यानें आपल्या तिजोरींतून घालावी असें ठरलें. शहरांतील नोकरदाराच्या पगारांतून कापलेल्या रुपयांनीं खेड्यांत पाझर तलाव झाले, नालाबांध झाले आणि १९९० पासून फळबागाही उभ्या राहिल्या. कायद्यानें हमी दिली होती, म्हणून मजुरास काम मागण्याचा हक्क होता. मागणारा जागा असला म्हणजे निधि सहसा दुसरीकडे वळत नाहीं.

यावरून आमचें मत असें आहे. नवा कर मागण्याची गरज नाहीं. शेतकऱ्यास महाग डिझेल परवडणारें नाहीं. २०२१ च्या अंदाजपत्रकानें डिझेलवर लिटरमागें ४ रुपये कृषि पायाभूत सुविधा व विकास उपकर बसविलाच आहे. अशा उपकरांचा ठराविक हिस्सा कायद्यानें गांवाच्या माती-पाण्याच्या कामांस बांधून द्यावा. हिस्सा लहान असला तरी चालेल. तो दरसाल न चुकतां यावा. कामें ग्रामसभेनें निवडावीं आणि जमाखर्च तिच्यापुढें वाचला जावा. विजेवर चालणारीं वाहनें वाढतील तसें इंधनाचें उत्पन्न घटेल; म्हणून पैसा एकदांच करून वर्षानुवर्षें फळ देणाऱ्या बांधांवर, तळ्यांवर व झाडांवर आधीं खर्चावा. संस्थेच्या सभासदांनीं येत्या ग्रामसभेंत हा प्रश्न मांडावा, अशी आमची त्यांस विनंति आहे. डिझेलच्या पावतीवर आपण जें देतों, तें कोठें जातें, हें विचारण्याचा अधिकार आपला आहे.