बॅगेत बघणारी नजर

विमानतळावर बॅग यंत्रात शिरली की पडद्यावर तिचं रंगीत चित्र उमटतं. यंत्र दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण वापरतं. कुठल्या वस्तूनं कुठले किरण किती शोषले, यावरून ती जड अणूंची की हलक्या, याचा अंदाज येतो. धातू निळे दिसतात. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांपासून बनलेलं सगळं केशरी. पंचाईत इथेच आहे. प्लॅस्टिक स्फोटकं केशरी, साबण केशरी, चीज केशरी आणि आजीनं डब्यात भरून दिलेले बेसनाचे लाडूही केशरीच! कुठली बॅग उघडायची, हे बऱ्याच ठिकाणी अजूनही पडद्यासमोर बसलेला माणूसच ठरवतो.

अशा नजरेचं काय होतं, हे अमेरिकेतल्या जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. गिचमिड चित्रांत एखादं अवजार आहे का, एवढंच लोकांना सांगायचं होतं. निम्म्या चित्रांत ते असायचं, तेव्हा ७ टक्के वेळा नजरेतून सुटलं. शंभरात एकाच चित्रात ठेवलं, तेव्हा ३० टक्के वेळा! माणसं आळशी नव्हती. सतत ‘नाही’ म्हणायची सवय लागली की मेंदू शोध लवकर आटोपता घेतो. खऱ्या रांगेत तर लाखो बॅगांत एखादाही बॉम्ब नसतो. म्हणून यंत्रच अधूनमधून पडद्यावर बंदुकीचं खोटं चित्र घुसवतं आणि कर्मचारी जागा आहे का, ते बघतं. इतकं करूनही २०१५ मध्ये बातमी फुटली की, अमेरिकेत सरकारच्याच माणसांनी नकली बॉम्ब आणि शस्त्रं घेऊन ७० वेळा परीक्षा घेतली आणि ६७ वेळा ती पकडली गेली नाहीत.

मग हा सगळा देखावाच? तसं म्हणवत नाही. १९६८ ते १९७२ या काळात अमेरिकेत विमान पळवण्याचे १३० हून अधिक प्रकार घडले. जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची तपासणी सुरू झाली आणि हे प्रमाण झपाट्यानं कोसळलं. अनेक विमानं जिकडे पळवली जायची त्या क्यूबाशी त्याच वर्षी अपहरणकर्त्यांबाबत करार झाला हेही खरं, त्यामुळे सगळं श्रेय तपासणीला देता येत नाही.

तपासणीचा मोठा फायदा पकडण्यात नाही, अडचणीत टाकण्यात आहे, असं मला वाटतं. रिचर्ड रीडनं २००१ मध्ये बॉम्ब बुटात लपवला, २००९ मध्ये दुसऱ्या एकानं अंतर्वस्त्रात. दोघेही विमानापर्यंत पोचले. पण लपवता यावेत म्हणून अवघड पद्धतीनं जुळवलेले ते बॉम्ब ऐनवेळी नीट फुटले नाहीत आणि सहप्रवाशांनी व विमानातल्या कर्मचाऱ्यांनीच दोघांना धरलं. बूट काढायचा नियम मात्र अमेरिकेत पुढे २०२५ पर्यंत चालला.

एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानाची गोष्ट वेगळी. २३ जून १९८५ रोजी त्या विमानात बॉम्ब फुटून ३२९ जण गेले. टोरांटोला बॅगा तपासणारं क्ष-किरण यंत्र मध्येच बंद पडलं आणि उरलेल्या बॅगांवर हातातलं उपकरण फिरवून भागवण्यात आलं. पण बॉम्बची बॅग व्हँकूव्हरहून पुढे आली होती आणि तिचा मालक विमानात चढलाच नव्हता. ते कळायला क्ष-किरण लागत नव्हते. प्रवाशांची यादी आणि बॅगांच्या चिठ्ठ्या जुळवल्या असत्या तरी पुरलं असतं. आज एखादा प्रवासी आलाच नाही, तर त्याची बॅग शोधून उतरवेपर्यंत विमान थांबवून ठेवतात, ते याचसाठी.