चितेगावचा ताळेबंद

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघाले की वाटेत चितेगाव लागते. व्हिडिओकॉन इंडस्ट्रीजच्या नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता इथलाच : १४ किलोमीटरचा दगड, औरंगाबाद-पैठण रस्ता, चितेगाव, तालुका पैठण. ब्राझील आणि मोझांबिकच्या समुद्रात तेल-वायूचे हिस्से घेणाऱ्या कंपनीचे कायदेशीर घर मराठवाड्यातले हे गाव होते. चितेगाव दूरवर ठाऊक झाले ते व्हिडिओकॉनमुळे.

व्हिडिओकॉन धूत घराण्याची. नंदलाल धूत साखर कारखानदारीतले. त्यांचे पुत्र वेणुगोपाल पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले. १९८२च्या एशियाडने देशाला रंगीत टीव्हीची चटक लावली. त्याच दशकात धूत बंधूंनी जपानच्या तोशिबाचे तंत्रज्ञान घेऊन टीव्ही बाजारात आणला. मग वॉशिंग मशिन, फ्रिज, आंध्रच्या किनाऱ्याजवळच्या रव्वा तेलक्षेत्रात २५ टक्के वाटा, २००५मध्ये फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा, पुढे मोबाइल सेवा असा विस्तार होत गेला. पिक्चर ट्यूबचा व्यवहार झाला तेव्हा जग सपाट पडद्याकडे वळू लागले होते. मोबाइलचे परवाने २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इतर अनेक कंपन्यांच्या परवान्यांसह रद्द केले. कर्ज मात्र वाढत राहिले.

या घराण्याने समाजासाठी जे केले, त्याची ठळक खूण चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत दिसते. तिथे सेठ नंदलाल धूत यांच्या नावाचे रुग्णालय आहे. राजकारणातही घराण्याचे पाऊल होते. वेणुगोपाल यांचे बंधू राजकुमार धूत २००२पासून २०२०पर्यंत, सलग तीन वेळा, शिवसेनेतर्फे राज्यसभेवर होते.

आता एक आकडा. २०१५-१६ या वर्षात शिवसेनेने निवडणूक आयोगाला दिलेल्या तपशिलात सुमारे ८७ कोटींच्या देणग्या होत्या. त्यातले ८५ कोटी एकट्या व्हिडिओकॉन इंडस्ट्रीजचे होते. एवढ्यावरून या देणगीचा मोबदला मिळाला असे म्हणता येत नाही, आणि इथे तसे म्हणायचेही नाही. प्रश्न वेगळा आहे : हा पैसा कोणाचा?

हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात १९५७ सालीच विचारला गेला. टाटा आयर्न अँड स्टीलला राजकीय देणग्या देण्यासाठी आपल्या घटनापत्रात बदल करून हवा होता. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी कायद्यात मनाई नसल्याने परवानगी दिली, पण अशा देणग्यांनी लोकशाही पोखरली जाईल असा इशाराही दिला. १९६०मध्ये देणग्यांना मर्यादा आली, १९६९मध्ये बंदी, १९८५मध्ये पुन्हा मोकळीक. २०१३च्या कंपनी कायद्याने कमाल मर्यादा ठरवली ती आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्के. त्यामागचा विचार सरळ होता : कमावले तर द्या. २०१७च्या वित्त कायद्याने ही मर्यादा काढून टाकली, म्हणजे तोट्यातल्या कंपनीलाही हात मोकळा झाला. २०१८पासून निवडणूक रोखे आले आणि देणाऱ्याचे नावही झाकले गेले.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रोखे आणि अमर्याद देणगीची मुभा दोन्ही घटनाबाह्य ठरवले. महिनाभराने खरेदीदारांची यादी उघड झाली, तेव्हा औषध कंपन्यांची गर्दी डोळ्यांत भरली. मुंबईच्या सिप्लाच्या नावावर ३९.२ कोटी, सन फार्माच्या नावावर ३१.५ कोटी. औषधाची किंमत, परवाना, तपासणी या सगळ्यांवर सरकारची मोहोर लागते. अशा धंद्यातून राजकारणात गेलेला पैसा जनतेला न्यायालयाच्या आदेशानंतर कळला. त्या मानाने व्हिडिओकॉनचे ८५ कोटी नावानिशी नोंदले होते, म्हणून आज त्यांच्याबद्दल विचारता तरी येते.

आणि विचारायलाच हवे, कारण पुढे काय झाले ते नोंदलेले आहे. जून २०१८मध्ये व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. समूहातल्या १३ कंपन्यांवरचे मान्य दावे ६४,८३८ कोटींचे होते. जून २०२१मध्ये मुंबईच्या कंपनी कायदा न्यायाधिकरणाने वेदान्त समूहाशी संबंधित ट्विन स्टारची २,९६२ कोटींची योजना मंजूर केली. रुपयामागे जेमतेम चार-साडेचार पैसे! बोली लावणारा जवळपास काहीच देत नाही, अशा आशयाची टिप्पणी मंजुरी देतानाच न्यायाधिकरणाने केली. जानेवारी २०२२मध्ये अपिलात ती योजना रद्द झाली. आयसीआयसीआय बँकेच्या कर्जातील कथित गैरव्यवहाराप्रकरणी सीबीआयने वेणुगोपाल यांना डिसेंबर २०२२मध्ये अटक केली. पुढच्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. त्या आरोपांचा निकाल न्यायालय लावील.

आपल्याला खटकायला हवे ते कायद्यातले अंतर. सामाजिक दायित्वावर खर्चायच्या, नफ्यातल्या दोन टक्क्यांसाठी समिती लागते, अहवाल लागतो, कामांची यादी ठरलेली असते. राजकीय पक्षाला दिलेला पैसा त्यात धरता येत नाही. पक्षाला देणगी द्यायला मात्र संचालक मंडळाचा ठराव पुरतो. भागधारकांना विचारावे लागत नाही. ज्या बँकांचे कर्ज डोक्यावर आहे त्यांना तर नाहीच, आणि त्या बँकांतल्या ठेवी सामान्य माणसांच्या असतात.

उद्योजकाने रुग्णालय बांधले याचे कौतुक करावे. त्याने पक्षाला पैसे दिले म्हणून त्याला चोर ठरवू नये. पण औदार्य स्वतःच्या खिशातून आले की कर्जात रुतत चाललेल्या कंपनीतून, हे तपासल्याशिवाय कौतुकही करू नये. चितेगावपुढे बिडकीनला ऑरिक प्रकल्पाची नवी औद्योगिक नगरी उभी राहते आहे. तिथे येणाऱ्या कंपन्यांसाठी दोन साधे नियम हवेत : राजकीय देणगीला भागधारकांच्या सभेची मंजुरी, आणि वार्षिक अहवालात नफा, कर्ज व देणगी हे तीन आकडे एकाच पानावर. ते पान वाचायला ठेवीदाराला तज्ज्ञ असावे लागणार नाही.