पऱ्हाटीचा कोळसा व जमीन
कापसाची वेचणी संपली की पऱ्हाटी बांधावर रचून पेटविण्याची रीत वऱ्हाडात आहे. त्यायोगे गुलाबी बोंडअळीचा आसरा मोडतो हे खरे. परंतु पऱ्हाटीतील बहुतेक कर्ब हवेत जातो व हाती राख उरते. त्याऐवजी वर रुंद व तळाशी निमुळत्या खड्ड्यात वाळलेली पऱ्हाटी थराथराने जाळावी. निखाऱ्यांवर पांढरी राख दिसू लागताच नवा थर टाकावा. वरच्या ज्वाळेमुळे खालच्या थरास हवा मिळत नाही व त्याचा कोळसा होतो. यासच बायोचार म्हणतात. शेवटी भरपूर पाणी ओतावे. येथे कुचराई झाल्यास सकाळी पुन्हा राखच दिसेल. या कोळशातील बराचसा कर्ब जमिनीत शेकडो वर्षे टिकतो. मात्र तो बारीक करून शेणखतात मुरवूनच द्यावा; कोरा दिल्यास पिकाचे नत्र अडवून धरतो. कोळसा क्षारधर्मी असल्याने चुनखडीच्या काळ्या जमिनीत प्रथम एकाच वाफ्यात देऊन पाहावा.