निवृत्तीनंतरचा खेळाडू : ओळख आणि मानसिक आरोग्य

प्रस्तावना :
सामान्य नोकरदार साठीच्या आसपास निवृत्त होतो. जिम्नॅस्ट किंवा जलतरणपटूची कारकीर्द मात्र बहुधा तिशीच्या आसपासच संपते. पदकासाठी झटणाऱ्या खेळाडूस प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ व फिजिओथेरपिस्ट यांचे पाठबळ लाभते. मैदान सुटताच ते पाठबळ संपते आणि पुढे जवळजवळ निम्मे आयुष्य उरलेले असते. या संक्रमणाचे मानसशास्त्रीय स्वरूप प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

क्रीडा-अस्मिता :
खेळाडू ही भूमिका व्यक्ती स्वतःच्या ओळखीशी ज्या प्रमाणात एकरूप करते, त्या प्रमाणास 'क्रीडा-अस्मिता' म्हटले जाते. ब्रुअर, व्हॅन राल्टे व लिंडर यांनी १९९३ मध्ये तिच्या मापनश्रेणीची मांडणी केली. ही अस्मिता दुधारी आहे. ती सरावातील सातत्यास बळ देते. परंतु इतर सर्व भूमिका तिच्यात लोप पावल्यास निवृत्तीनंतर 'मी कोण?' हाच प्रश्न उभा राहतो. टेलर व ओगिल्व्ही यांनी निवृत्तीची चार प्रमुख कारणे सांगितली आहेत : वय, संघातून वगळले जाणे, दुखापत आणि स्वेच्छा. यांपैकी पहिली तीन खेळाडूच्या हाती नसतात. निर्णय स्वतःचा नसेल, तर समायोजन अधिक कठीण होते आणि नैराश्य, चिंता वा व्यसनाधीनतेचा धोका वाढतो.

यशस्वी खेळाडूंचे अनुभव :
ही समस्या केवळ अपयशी खेळाडूंची नाही. २३ सुवर्णांसह २८ ऑलिम्पिक पदके मिळविणारा अमेरिकन जलतरणपटू मायकेल फेल्प्स २०१२ मध्ये प्रथम निवृत्त झाला. २०१४ मध्ये त्यास उपचार घ्यावे लागले. आपण स्वतःकडे माणूस म्हणून नव्हे, तर केवळ जलतरणपटू म्हणून पाहत होतो, असे त्याने जाहीरपणे सांगितले आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमधील सुवर्णविजेता नेमबाज अभिनव बिंद्रा यानेही विजयानंतर जाणवलेल्या पोकळीविषयी मोकळेपणाने सांगितले आहे. ध्येय साध्य झाले, की ध्येयाभोवती रचलेली ओळखही डळमळते, हे यावरून दिसते.

भारतीय संदर्भ :
१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमधील कांस्यपदक विजेते खाशाबा जाधव १९५५ मध्ये पोलीस दलात रुजू झाले. खेळाडूस शासकीय नोकरी हा मार्ग महाराष्ट्रात पुढे ५ टक्के आरक्षणाच्या रूपाने रूढ झाला. केंद्र शासनाने २०२४ मध्ये निवृत्त खेळाडूंसाठी 'रिसेट' हा कौशल्य-प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला. या उपायांनी उपजीविकेचा प्रश्न सुटू शकतो. ओळखीचा प्रश्न केवळ नियुक्तिपत्राने सुटत नाही.

निष्कर्ष :
निवृत्तीची तयारी निवृत्तीनंतर नव्हे, तर ऐन उमेदीच्या काळात व्हावयास हवी. या दृष्टीने महाविद्यालयाची भूमिका महत्त्वाची ठरते. खेळाडू विद्यार्थ्यास केवळ हजेरीत सवलत देणे म्हणजे त्यास अभ्यासापासून दूर ठेवणे होय; त्याऐवजी बुडालेल्या तासिका भरून काढण्याची सोय, समुपदेशकाशी नियमित संवाद आणि खेळाबाहेरील एखाद्या जबाबदारीची संधी द्यावी. दुखापतीमुळे संघाबाहेर गेलेल्या विद्यार्थ्याची विचारपूस जिमखान्याच्या पलीकडे, वर्गातही झाली पाहिजे. कारण खेळ संपल्यावरही विद्यार्थी म्हणून, व्यक्ती म्हणून त्याचे स्थान कायम आहे, ही जाणीव त्यास प्रथम तेथेच मिळू शकते.